नकाशावरची शेवटची फुली

दोन दिवसांत रॉटरडॅममध्ये काय काय बघावं, असं कुणी तोस बारेंद्रेख्तला विचारलं, की ती नकाशा टेबलावर पसरायची, खिशातलं पेन काढायची आणि सुरू व्हायची. मोठ्या बाजारात जा, पण खायला नव्हे, छत बघायला. खायचं असेल तर बाहेर हेरिंगची गाडी आहे, तिथे मासा शेपटीला धरा आणि मान वर करून खा, लाजू नका. ती तिरकी पिवळी घरं बघा, पण एकाच घरात आत सोडतात. बाकीच्या घरांत माणसं राहतात, त्यांची बेल वाजवू नका. पांढऱ्या पुलावरून चालत जायचं, टोपी हातात धरून, कारण तिथला वारा कुणाच्या बापाचं ऐकत नाही. पाण्यावरच्या टॅक्सीत पुढे बसलात तर भिजाल, मागे बसलात तर कमी भिजाल.

सगळं खरं, सगळं उपयोगाचं. पासष्टीच्या पुढची हिरव्या जाकिटातली बाई, चष्मा नाकावर, आवाज बंदरातल्या भोंग्यासारखा. माणसं टेबलाला चिकटून ऐकायची. आणि मग शेवटी, जणू आत्ताच आठवलं अशा थाटात, ती नकाशाच्या उजव्या अंगाला, क्रालिंगेनच्या तळ्याजवळच्या एका गल्लीवर फुली मारायची.

"हे पुस्तकात नाही हं," ती खालच्या आवाजात म्हणायची. "निळं दार. खिडकीत काचेचे दोन बगळे. संध्याकाळी सहाला जा. खरंखुरं डच कुटुंब जेवताना बघायला मिळतं. तिकीट नाही, काही नाही. काचेला अगदी नाक लावलंत तरी चालतं."

"त्यांना राग नाही येत?" एखादी भली जर्मन बाई विचारायची.

"येतो ना! तीच तर गंमत. घरमालक बाहेर येतो, हातवारे करतो, ओरडतो. जुन्या रॉटरडॅमची नक्कल करतो तो. झाली की टाळ्या वाजवायच्या. नाही वाजवल्या तर बिचारा हिरमुसतो."

असं तिने किती जणांना सांगितलं असेल, देव जाणे. बाई वेडी नव्हती, थट्टेखोरही नव्हती. ती सूड घेत होती, आणि तोही नेमाने, मंगळवार, गुरुवार, शनिवार, दहा ते दोन.

तोस राहायची नदीच्या पलीकडे, काटेन्ड्रेख्तच्या धक्क्यावर, तळमजल्याला. नवरा वाउट आयुष्यभर गोदीत क्रेन चालवायचा. तीस मीटर उंचीवर बसून त्याने जगातल्या यच्चयावत देशांच्या मालाचे डबे उतरवले, आणि निवृत्त झाल्यावर फुप्फुसांनी दगा दिला. चालणं बंद झालं तेव्हा तोसने पलंग पुढच्या खोलीत, थेट खिडकीपाशी आणला. वाउट दिवसभर नदीकडे बघत पडायचा. कुठली बोट रिकामी, कुठली भरलेली, कुठला कप्तान नवशिका, हे तो पाण्यातलं बोटीचं बूड बघून सांगायचा. नाकात नळी, पण तोंड चालू. "तोस, बघ, तो बेल्जियन परत वाकडा वळतोय! याला कुणी परवाना दिला?"

खिडकीला पडदे होते, पण ओढलेले कुणी पाहिले नव्हते. त्या मुलखात पडदा ओढत नाहीत. काय खाता, काय वाचता, कोण बसलंय, रस्त्यावरून जाणाऱ्याला सगळं दिसतं. आणि जाणारा बघत नाही. बघितलं तर मान हलवतो आणि पुढे जातो. तोही त्या मुलखाचाच नियम. भर दिवसा पडदा ओढलेला दिसला तर त्याचा अर्थ एकच, घरात कुणीतरी गेलं. मग शेजारी फुलं घेऊन येतात. वाउटची आई तर म्हणायची, पडदा ओढतो तो चोर, नाहीतर प्रेत.

आणि एके वर्षी मार्चमध्ये ते पुस्तक आलं. 'दोन दिवस रॉटरडॅम'. छोटंसं, खिशात मावणारं, आणि हातोहात खपणारं. सतरावी जागा अशी होती: 'काटेन्ड्रेख्तचा धक्का. इथले लोक पडदे ओढत नाहीत, तेव्हा बिनधास्त आत डोकवा. हिरव्या चौकटीच्या खिडकीत एक म्हातारा गोदीवाला पलंगावर पडून असतो. हात करा, तोही करतो. एवढं अस्सल रॉटरडॅम दुसरीकडे बघायला मिळायचं नाही.'

पहिले दोघं आले तेव्हा वाउटला मजा वाटली. त्याने हात केला. मग दहा आले. मग झेंडीवाला गाईड आणि त्याच्यामागे चाळीस जण. डोळा लागलेला असला की काचेवर टकटक करायचे. एकजण खिडकीला पाठ लावून उभा राहिला आणि वाउटचं तोंड आपल्या खांद्यावर येईल असा फोटो काढून घेतला. बोटी दिसेनात, नुसती डोकी दिसायला लागली. तोस बाहेर जाऊन ओरडायची, हात जोडायची, एकदा बादलीभर पाणी फेकलं. ते हसायचे. पालिकेत गेली तर तिथला पोरगा म्हणाला, "बाई, रस्ता सार्वजनिक आहे. तुम्ही पडदा का लावत नाही?"

"अरे, मी मेलो का?" वाउट म्हणायचा. "पडदा मेल्यावर ओढ."

मग एका सकाळी घरी येणारी नर्स त्याला पुसून काढत होती. माणूस उघडा, हाडांचा सापळा झालेला, कुशीवर वळवलेला. बाहेर एक बाई फोन उंच धरून उभी होती, आणि शेजारचा तिला सांगत होता की जरा डावीकडे सरक, नर्स मध्ये येतेय. वाउटने ते बघितलं. तो शिव्या देईल असं तोसला वाटलं होतं, पण त्याने फक्त चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि म्हणाला, "ओढ."

त्यानंतर त्याला नदी दिसली नाही, काचेवरची टकटक मात्र थांबली नाही. आवाजावरून बोट ओळखायचा प्रयत्न करायचा, चुकायचा आणि गप्प व्हायचा. तो गेला तो दिव्याच्या उजेडात, दुपारी, बाहेर लखलखीत ऊन असताना.

आणि सगळ्यात वाईट पुढेच झालं. कुणी आलंच नाही. येणार कसं? पडदा तर आधीपासूनच ओढलेला होता. समोरची, शेजारची, चाळीस वर्षांची ओळख असलेली माणसं खिडकीवरून जात राहिली, आणि तोस आत प्रेताशेजारी खुर्ची टाकून दाराकडे कान लावून बसली. तिसऱ्या दिवशी शववाहिका आली तेव्हा शेजारीण धावत आली आणि रडली. "तोस, अगं, आम्हाला कळणार कसं?" खरंच होतं तिचं. पण ते दोन दिवस तोसच्या काळजात घुसले ते घुसलेच.

घर खायला उठलं म्हणून ती स्टेशनासमोरच्या माहितीच्या टेबलावर बिनपगारी कामाला लागली. तेव्हा तिच्या मनात काही नव्हतं, शपथेवर. टेबलावर तिच्या जोडीला अदेलिनो असायचा. केप व्हर्डच्या बेटांवरून विशीत आलेला, पुढे जन्म बोटीवर काढलेला, पाच भाषांत गप्पा मारणारा म्हातारा. दोघांचं बरं जमायचं.

पुढच्या वसंतात सगळ्या टेबलवाल्यांची सभा भरली आणि पुस्तकवाले साहेब स्वतः बोलायला आले. युरियान काउपर्स. चाळिशीचा, मऊ केसांचा, गळ्यात रेशमी रुमाल, बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं आपण पण हुशार आहोत. कॉफी आली, तिच्याबरोबर माणशी एक बिस्किट आलं, आणि इथल्या रिवाजाप्रमाणे डबा बंद झाला. तोसने आपलं बिस्किट बशीत ठेवून विचारलं, "तुमचा सतरा नंबर. तो कसा सापडला हो तुम्हाला?"

"अहो बाई, ती तर देवाची कृपा!" युरियान खुलला. "सायकलवरून चाललो होतो. खिडकीत म्हातारा, नाकात नळी, डोळे बोटींवर. म्हटलं, हेच! असलं काही ठरवून सापडत नाही."

"नळी दिसली तुम्हाला?"

"दिसली म्हणजे! चेहरा काय होता त्याचा! मी पंधरा मिनिटं उभा होतो."

"त्याला विचारलंत, पुस्तकात घालू का म्हणून?"

"विचारायचं काय त्यात? पडदा उघडा होता की."

लोक हसले. तोसच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मग कुणीतरी विचारलं, तुम्ही स्वतः कुठे राहता?

"क्रालिंगेनला, तळ्याजवळ. गल्ली कुठली ते नाही हं सांगणार!" त्याने बोट नाचवलं. "स्वर्ग आहे तो. पक्षी सोडले तर आवाज नाही. मी जिवंत असेपर्यंत ती जागा पुस्तकात येत नाही, सांगून ठेवतो."

सगळे पुन्हा हसले, आणि सगळ्यांत मोठ्याने तोस हसली. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून! थांब लेका. तुझ्या घराचा पडदा भर दिवसा ओढायला नाही लावला तर बारेंद्रेख्तचं नाव लावणार नाही. तिने त्याच क्षणी ठरवलं आणि मग ते बिस्किट खाल्लं.

घर सापडायला तीन दुपारी लागल्या. दारावर घरातल्या सगळ्यांची नावं लिहायची इथली पद्धत, त्यामुळे काम सोपं. तोस सायकलवरून एकेक गल्ली पाट्या वाचत फिरली. निळ्या दारावर चिनीमातीची पाटी होती: युरियान, लिसेलोट, फेन्ना आणि मांजर. शेजारी भिंतभर खिडकी, खिडकीत काचेचे दोन बगळे, आत लांब टेबल, आणि टेबलाशी साहेब लिहीत बसलेले. पडदे होते, जाड, सुंदर, दोन्ही बाजूंना बांधून ठेवलेले. तोसने ते पडदे नीट बघून घेतले.

पहिल्या आठवड्यात तिने बारा फुल्या मारल्या. दुसऱ्या आठवड्यात तीस. पाठवलेली माणसं परतही यायची, आभार मानायला. "बाई, काय माणूस आहे तो!" एक स्पॅनिश जोडपं सांगत होतं. "पहिल्यांदा नुसता बघतच राहिला. मग बाहेर आला आणि काय ओरडला! आम्ही टाळ्या वाजवल्या तर लालबुंद झाला. नटसम्राट आहे हो." तोस म्हणायची, हो ना, गुणी माणूस. कुणीतरी फोनवर त्या जागेला नाव दिलं, 'क्रालिंगेनचा संतापी गृहस्थ', आणि पाचपैकी साडेचार तारे दिले. मग तोसने फुली न मारताही लोक जायला लागले, तरी ती मारायचीच.

दर सोमवारी सुट्टीच्या दिवशी ती जाऊन बघून यायची. एकदा खिडकीला पाटी दिसली, 'हे खाजगी घर आहे'. दुसऱ्या दिवसापासून ती सांगायला लागली की पाटी खोटी आहे, नाटकातलीच. मग खिडकीत कुंड्या आल्या. लोकांनी त्या आपल्या सोयीने बाजूला सारल्या. पण पडदे बांधलेलेच होते. एका सोमवारी खिडकीची वरची झडप उघडी होती आणि नवरा-बायकोचं भांडण रस्त्यावर ऐकू येत होतं.

"ओढ तो पडदा, लिसेलोट, हात जोडतो!"

"दिवसाढवळ्या? गल्ली काय म्हणेल? आपण काय चोऱ्या केल्यात?"

"गल्ली गेली खड्ड्यात! मला घास गिळता येत नाही!"

"तूच म्हणायचास ना, लोकांना आपलं शहर बघू द्यावं? आता दाखव!"

तोस सायकलच्या साखळीशी काहीतरी करत असल्यासारखी वाकून उभी होती. तिला इतकं बरं वाटलं की घरी जाताना तिने स्वतःसाठी क्रीमचा केक घेतला, वाउट गेल्यापासून पहिल्यांदा.

अदेलिनोच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. समुद्रावर जन्म काढलेला माणूस, नकाशावरची फुली त्याला कळणार नाही होय?

"तोस," तो एका गुरुवारी गर्दी ओसरल्यावर म्हणाला, "त्या गल्लीत काय पुरलंयस तू?"

"चांगली जागा आहे. लोकांना आवडते."

"मी जाऊन आलो काल. ते काउपर्सचं घर आहे."

"मग? त्यांचा पडदा उघडाच आहे की."

अदेलिनोने खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग तिने त्याला सगळं सांगितलं. वाउटचं, नर्सचं, त्या दोन दिवसांचं. नाक न पुसता, डोळे न पुसता, जसं सामानाची यादी वाचावी तसं. अदेलिनोने टोपी काढून टेबलावर ठेवली.

"मला आधी का नाही सांगितलंस गं?"

"सांगून काय? तो उठून बसणार होता?"

"तो माणूस गाढव आहे. जाऊन तोंडावर सांग त्याला. लाथ घाल. मी येतो बरोबर, धरायला. पण तोस, त्या घरात लहान पोरगी आहे."

"माहितीय. मी पोरीला काय केलंय?"

"काल ती टेबलाखाली बसून जेवत होती. ताट घेऊन, टेबलाखाली. बाहेरून दिसू नये म्हणून."

तोसने टेबलावरचे नकाशे सारखे केले. सात वर्षांचं लेकरू, त्याने कुणाचं काय वाकडं केलंय? त्या रात्री तिचा डोळा लागला नाही. पण कूस बदलता बदलता तिला कुशीवर वळवलेला वाउट दिसला, त्याने हनुवटीपर्यंत ओढलेली चादर दिसली. त्यानेही कुणाचं काय वाकडं केलं होतं? शनिवारी तिने एकोणीस फुल्या मारल्या, आणि अदेलिनोने तिच्याकडे पाठ करून लोकांना ट्रामची तिकिटं समजावून दिली.

"मी तुझं नाव कुणाला सांगणार नाही," दोन वाजता जाकीट काढताना तो म्हणाला. "पण शाबासकीही देणार नाही. एवढं पुष्कळ आहे ना?"

"पुष्कळ आहे," तोस म्हणाली.

पुढच्या शनिवारी सकाळी एक बेल्जियन जोडपं तक्रार घेऊन आलं. नवरा चिडलेला. "बाई, तुम्ही सांगितलेल्या घरी गेलो होतो आम्ही. काही नाही तिथे! पडदा बंद. काल बंद, आज सकाळीही बंद. एवढी पायपीट फुकट."

तोसचं पेन हातातच राहिलं. "अगदी बंद?"

"अगदी. फट नाही."

तिने नकाशाची घडी घातली, पेनाला टोपण लावलं आणि अदेलिनोला म्हणाली, "मी जाते." साडेअकराच वाजले होते. वर्षभरात तिने एक मिनिट आधी टेबल सोडलं नव्हतं.

सायकलवरून जाताना ऊन असं पडलं होतं की तळ्यावर शिडाच्या होड्यांची जत्रा भरली होती. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघड्या. कुणी पेपर वाचतोय, कुणी पावाला लोणी लावतंय, कुणी पियानो पुसतंय. आणि मध्येच ते घर. पडदा ओढलेला. जाड, करड्या रंगाचा, मधोमध टाचण्या लावून बंद केलेला. बगळे पडद्याच्या पुढे उभे होते, उन्हात चमकत.

तोस सायकल धरून फुटपाथवर उभी राहिली. किती दिवस तिने हे मनात रंगवलं होतं. छाती भरून यावी, हसू यावं असं तिला वाटत होतं. आलंही. वाउट, बघ रे, ती मनात म्हणाली. ओढला त्याने.

"तुम्ही ओळखीच्या का त्यांच्या?" मागून हलका आवाज आला. शेजारच्या दारातून एक पांढऱ्या केसांची बाई आली होती. हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ, त्याला कार्ड खोचलेलं. "कालपासून बघतेय, पडदा बंद. बेल वाजवायचा धीर होत नाही. तरुण माणसं हो. कोण गेलं त्यांच्याकडे?"

"अजून तरी कुणी नाही," तोस म्हणाली.

ती बाई बावरून दोन पावलं मागे सरली. तेवढ्यात निळं दार उघडलं. युरियान काउपर्स दारात उभा होता. दाढी वाढलेली, रुमाल नाही, पायात मोजे. घराच्या आत भर दुपारी दिवे लागलेले दिसत होते. त्याने आधी फुलं बघितली, मग शेजारणीचा चेहरा बघितला, आणि त्याला कळलं की गल्ली काय समजून बसलीय. त्याचं तोंड उतरलं.

"नाही हो," तो तिला म्हणाला. "सगळे ठीक आहेत. फक्त... लोक बघतात."

"पण मग पडदा?" शेजारीण म्हणाली. तिला ते पटलं नाही. ती फुलं तशीच घेऊन घरात गेली आणि तिने दार लावून घेतलं.

मग त्याने हिरवं जाकीट बघितलं. जाकिटावरची नावाची पट्टी बघितली.

"तुम्ही माहितीच्या टेबलावरच्या ना?" तो पायरी उतरून आला. "बाई, माझ्याकडे नकाशे आहेत. तीस-चाळीस. लोक इथेच टाकून जातात. सगळ्यांवर एकाच पेनाची फुली. कोण करतंय हे? तुम्हाला माहीत असेल."

"मी करतेय."

"तुम्ही? का? मी काय केलंय तुमचं?"

"हिरव्या चौकटीची खिडकी," तोस म्हणाली. "नाकात नळी. पंधरा मिनिटं उभे होतात तुम्ही. तो माझा नवरा होता."

गल्लीत खरोखरच पक्षी सोडले तर आवाज नव्हता. आतून पोरीचा आवाज आला, "बाबा, गेले का ते?" युरियानने मागे न बघता दार ओढून घेतलं.

"होता म्हणजे... ते आता..."

"गेले."

"मला माहीत नव्हतं. खरंच सांगतो. मला वाटलं त्यांना आवडत असेल. त्यांनी मला हात केला होता."

"तो कुत्र्यालाही हात करायचा. भला माणूस होता."

"मी चुकलो." त्याचा आवाज चिरकला. नाटक नव्हतं ते, तोसला कळत होतं. "चुकलो, बाई. पुढच्या आवृत्तीतून काढतो. आजच फोन करतो छापखान्याला. माफी छापतो, तुमच्या यजमानांच्या नावाने, पहिल्या पानावर. तुम्ही म्हणाल ते लिहितो."

"आता राहू दे की छापलेलं. आता खिडकीत कुणी नसतं."

गल्लीच्या तोंडाशी चौघं दिसली. पाठीवर पिशव्या, हातात फोन, घरांचे नंबर मोजत येत होती. युरियानने त्यांना बघितलं आणि तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला, पावसात सापडलेला माणूस आडोशाला उभा राहतो तसा. तोसने सायकल वळवली.

"थांबा!" तो घाईघाईने म्हणाला. हात जोडले नव्हते, पण तेवढंच बाकी होतं. "फेन्ना शाळेतून यायला घाबरते. लिसेलोट माहेरी जायचं म्हणतेय. तुम्हाला ठाऊक असेल, तुम्ही हे भोगलंय. एवढं तरी सांगा. हे थांबतं कधी?"

तोसने पायडलवर पाय ठेवला आणि जरा विचार केला, कारण विचारलेल्याला बरोबर माहिती द्यायची तिला सवय होती.

"आमच्याकडे अकरा आठवडे चाललं," ती म्हणाली. "मग तो मेला, तेव्हा थांबलं. तुमच्याकडे सगळी तरुण माणसं, तब्येती ठणठणीत. तुम्हाला बराच वेळ लागेल."